सुलभ लिंगविचार, पान बावीस

मास्तरांची चूक एवढीच झाली, की आलेलं पत्र त्यांनी व्याकरणाच्या चष्म्यातून वाचलं. दुसरा चष्मा त्यांच्याकडे नव्हता, त्याला ते तरी काय करणार?

पत्रात लिहिलं होतं : 'आपला "सुलभ लिंगविचार" हा ग्रंथ आमच्या ग्रंथालयात असून वाचकांकडून त्यास सातत्याने मागणी असते. संस्थेतर्फे लिंगविचाराच्या इतिहासावरील कागदपत्रांचा एक खंड प्रसिद्ध होत आहे. भाषेच्या शुद्धतेसाठी आपल्यासारखी अधिकारी व्यक्ती लाभल्यास संस्था आभारी राहील.' खाली सही, गोल शिक्का आणि संस्थेचं नाव, मानवी वर्तन अभ्यास संस्था.

'मानवी वर्तन' म्हटल्यावर दुसऱ्या कुणाच्या तरी मनात पाल चुकचुकली असती. मास्तरांच्या मते बोलणं हेही वर्तनच होतं, आणि अशुद्ध बोलणं हे गैरवर्तन. चौतीस वर्षं त्यांनी शाळेत व्याकरण शिकवलं होतं. मुलं त्यांना पाठीमागे 'अनुस्वार' म्हणत, कारण ते बुटके होते, गोल होते आणि सदैव कुणाच्या तरी डोक्यावर बसलेले असत. निवृत्तीनंतर डोकी उरली नाहीत. मग ते दुकानांच्या पाट्या, औषधांच्या बाटल्यांवरच्या सूचना आणि बायको यांच्यावर भागवत होते.

'सुलभ लिंगविचार' हे त्यांचं एकुलतं एक पुस्तक. पानं चौसष्ट. कोणता शब्द पुल्लिंगी, कोणता स्त्रीलिंगी, कोणता नपुंसकलिंगी, याचे नियम, आणि मग नियमांपेक्षा जास्त अपवाद. प्रत्येक पानावर दोन रकाने : डावीकडे अशुद्ध, उजवीकडे शुद्ध. डाव्या रकान्यातला निम्मा माल बायकोकडून आलेला होता. पान बावीस तर सबंध तिचंच म्हणायला हवं. 'मला वेळ लागते' हे वाक्य ती माहेराहून घेऊन आली होती आणि एकोणचाळीस वर्षांत तिनं ते सोडलेलं नव्हतं. ती म्हणायची, "थांबा जरा, मला वेळ लागते." मास्तर म्हणायचे, "लागतो." ती म्हणायची, "बरं, लागतो." आणि पुढच्या वेळी पुन्हा लागते. बायको गरीब स्वभावाची आहे आणि व्याकरणात कच्ची आहे, असं मास्तरांचं मत होतं. त्यातलं पहिलं चूक होतं.

तासाभरात मास्तरांनी होकाराचं पत्र टाकलं आणि पेटीपासून परत येताना ही बातमी सोसायटीच्या सेक्रेटरींना सांगितली. इथे दुसरी चूक झाली. सेक्रेटरी पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले. नळाला पाणी सोडण्याचा अधिकार गेल्यापासून त्यांच्या हातात फक्त सूचनाफलकाची किल्ली उरली होती, आणि ती ते गंजू देत नसत. संध्याकाळी फलकावर टाचणीनं कागद लागला :

'आपल्या इमारतीचे भूषण, मास्तर, यांचे "लिंगविचाराचा इतिहास" या विषयावर व्याख्यान. येत्या रविवारच्या पुढील रविवारी, सकाळी दहा वाजता, तळमजल्यावरील सभागृहात. सर्वांनी सहकुटुंब यावे. मुलांना आवर्जून आणावे, परीक्षेस उपयोगी.'

मास्तरांनी तो कागद जाता-येता सात वेळा वाचला. 'आवर्जून' ऱ्हस्व-दीर्घासह बरोबर होतं. इतकी वर्षं या इमारतीत त्यांना लोक चुका काढणारा माणूस म्हणून ओळखत. भूषण प्रथमच म्हणत होते. हे आपल्याला सुखासुखी मिळालेलं नाही, आता ते जपलं पाहिजे, असं त्यांना मनापासून वाटलं.

मंगळवारी खोका आला. मास्तर भाजी आणायला गेले होते, बायको अंघोळीला, त्यामुळे खोका समोरच्या दंतवैद्यांनी घेतला. खोक्यावर संस्थेचं पूर्ण नाव होतं, त्याखाली विभागाचं नाव होतं, आणि त्याखाली आतल्या सामानाचा तपशील होता. संस्था फार काटेकोर होती. मास्तर आले तेव्हा दंतवैद्य दारातच उभे होते.

"अभिनंदन मास्तर," ते म्हणाले. "या वयात. स्तुत्य आहे."

"वयाचा काय संबंध?" मास्तर म्हणाले. "मी तर म्हणतो, या विषयाचा पाया लहानपणीच पक्का व्हायला हवा. मी पाचवीपासून घेत होतो."

दंतवैद्यांचा दात काढण्याचा धंदा असला तरी त्या क्षणी त्यांचीच दातखीळ बसली. मास्तर खोका घेऊन आत गेले, लाल पेन घेऊन टेबलाशी बसले आणि त्यांनी पहिला गठ्ठा उघडला.

पहिल्या पानावर लिहिलं होतं की, मानवी कामजीवनाचा शास्त्रीय अभ्यास सुमारे दीडशे वर्षांपूर्वी सुरू झाला. मास्तरांनी 'कामजीवन' वाचून मनात 'श्रमिकांचं जीवन' असा अर्थ लावला आणि पुढे गेले. दुसऱ्या पानावर तो अर्थ टिकेना. तिसऱ्या पानावर एक आकृती होती. मास्तरांनी गठ्ठा मिटला, त्यावर शब्दकोश ठेवला, शब्दकोशावर तांब्या ठेवला, आणि खिडकी बंद केली. मग घाम आला म्हणून खिडकी परत उघडली.

डोळ्यांपुढे सूचनाफलक उभा राहिला. 'मुलांना आवर्जून आणावे.'

बायको केस पुसत बाहेर आली. तिनं तांब्या बघितला, शब्दकोश बघितला, खोक्यावरचं लेबल वाचलं. लेबल जरा जास्तच वेळ वाचलं.

"मी हे परत करणार आहे," मास्तर म्हणाले. "गैरसमज झाला आहे. माझा नव्हे, संस्थेचा."

"त्या डॉक्टरीणबाईंची कागदपत्रं आहेत ही," बायको म्हणाली. "टपालानं लोकांच्या शंकांना उत्तरं द्यायच्या त्या. गेल्या ना मागच्या वर्षी."

"तुला काय माहीत?"

"नाव ऐकून होते." ती तांब्या उचलून स्वयंपाकघराकडे वळली. "तुम्ही शब्द दिलाय ना? मग करा पुरं."

ती सहसा सल्ला देत नसे. पण मास्तरांचा मान दुखावला होता, आणि दुखावलेला मान सल्ला ऐकायला वळत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी खोका बगलेत मारून ते संस्थेत गेले.

आवक-जावक खिडकीपुढे रांग होती. नंबर आला तेव्हा खिडकीतल्या बाईंनी 'नमुना ब' पुढे केला आणि स्वतःच भरायला घेतला. त्यांचा आवाज शाळेच्या घंटेइतका खणखणीत होता.

"लिंग?"

"त्याचबद्दल बोलायला आलोय," मास्तर म्हणाले.

रांगेतले लोक एक पाऊल पुढे सरकले. बाईंनी 'पुरुष'वर खूण केली. "परत करण्याचं कारण? साहित्य अपूर्ण, साहित्य खराब, की असमाधान?"

"तिन्ही नाही."

"तिन्हीतलं एक लागतं. काका, असमाधान लिहू का?"

"हळू बोला हो!"

"लाजायचं कशाला? रोज चार जण लिहितात," बाई म्हणाल्या, आणि मागचा माणूस सहानुभूतीनं मान हलवू लागला. मास्तर नमुना ब तिथेच टाकून ग्रंथालयाकडे वळले. निदान आपल्या पुस्तकाला कोण मागणी करतं ते तरी बघावं. ग्रंथपालांनी नोंदवही काढून दिली. 'सुलभ लिंगविचार' एक्केचाळीस वेळा घरी नेलं गेलं होतं, आणि एक्केचाळीस वेळा त्याच दिवशी परत आलं होतं. शेऱ्याच्या रकान्यात कुणीतरी लिहिलं होतं, 'फसवणूक.'

तिथंच त्यांना संशोधिकाबाई भेटल्या. पत्रावर सही त्यांचीच होती. वयानं मास्तरांच्या मुलीएवढ्या. मास्तरांनी घडलेला प्रकार सांगितला तेव्हा त्यांनी आधी कपाळाला हात लावला, मग त्यांना हसू फुटलं, आणि मग मास्तरांचा चेहरा पाहून त्यांनी ते आवरलं.

"सर, तुम्ही फक्त पत्रं वाचा," त्या म्हणाल्या. "आकृत्यांना हात लावू नका. लोकांनी बाईंना लिहिलेली पत्रं आणि बाईंच्या उत्तरांच्या कार्बन प्रती. नावं-पत्ते आम्ही काढून टाकलेत, सगळं टाईप केलंय. हा विषय पूर्वी कुणी शिकवत नव्हतं हो. एका देशात तर या अभ्यासाचं अख्खं ग्रंथालय चौकात आणून जाळलं होतं. दुसरीकडे एक प्राध्यापक जन्मभर बारीक माश्यांचे नमुने गोळा करत होते. त्यांच्या लक्षात आलं की माश्यांबद्दल आपल्याला जेवढं माहीत आहे तेवढं माणसांबद्दल कुणालाच नाही, म्हणून ते हजारो लोकांना विचारत फिरले. आमच्या बाई तर नुसत्या टपालपेटीवर बसल्या होत्या. पण तीस वर्षं बसल्या. शुद्धलेखन मात्र जाम कच्चं आहे सगळ्यांचं."

या शेवटच्या वाक्यानं मास्तर पाघळले. खोका परत घरी आला.

एव्हाना इमारतीत सगळ्यांना सगळं कळलं होतं. भिंतीला कान असतात तसे दंतवैद्यांना दात दाखवायला येणारे लोक होते, आणि तोंड उघडं ठेवून बसल्यावर माणसाला नुसतं ऐकावंच लागतं. सेक्रेटरींनी फलकावरचं 'मुलांना आवर्जून आणावे' हे वाक्य खोडलं. त्यामुळे ज्यांनी सूचना वाचली नव्हती त्यांनीही वाचली. व्याख्यान रद्द करा, असं मास्तरांनी विनवलं, तर सेक्रेटरी म्हणाले की सभा बोलवायला एक ठराव लागतो पण रद्द करायला दोन लागतात, आणि कार्यकारिणी आता महिन्यानंतर बसेल. खुर्च्याही वाढीव सांगून झाल्या होत्या.

हे बोलून ते गेले नाहीत. दार लोटून घेत म्हणाले, "मास्तर, माझा एक मित्र आहे. पाणीपुरवठ्यातलाच. त्याला एक शंका आहे."

गुरुवारी दंतवैद्यांचाही एक मित्र निघाला. शुक्रवारी तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी बायकोला गाठून आपल्या कुणा मैत्रिणीबद्दल विचारलं. ती मैत्रीण हयात आहे का हे मात्र त्यांना नीट सांगता येईना. मास्तर सगळ्यांना एकच सांगत, "मी फक्त ऱ्हस्व-दीर्घ बघतो." कुणाचाही विश्वास बसत नसे. मुलीचा फोन आला, "बाबा, तुम्ही सेक्सॉलॉजिस्ट झालात म्हणे?" मास्तरांनी तिला शब्द मध्ये न तोडता नीट उच्चारल्याबद्दल शाबासकी दिली आणि फोन आईकडे दिला.

या गदारोळात ते पत्रं वाचत होते. पहिल्या दिवशी फक्त चुका दिसल्या. लाल पेन नुसतं धावत होतं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं की दहातली आठ पत्रं 'माझ्या एका मित्राला' अशीच सुरू होतात. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की पत्र शिक्षकाचं असो, ड्रायव्हरचं असो, चार मुलांच्या आईचं असो, शेवटचं वाक्य फिरून फिरून एकच आहे : माझ्यात काही कमी आहे का? आणि बाई प्रत्येकाला, तीस वर्षं, न कंटाळता, नव्यानं लिहीत होत्या की नाही, काही कमी नाही. जिथं औषधाची गरज होती तिथं औषध, जिथं तपासणीची तिथं पत्ता, आणि बाकी सगळीकडे धीर. मास्तरांनी वर्गात इतकी वर्षं नेमकं उलटं केलं होतं. ज्याच्या त्याच्यात काय कमी आहे तेच दाखवलं होतं. त्यांना थोडं वाईट वाटलं.

शनिवारी दुपारी, जेवण झाल्यावर, त्यांनी गठ्ठ्यातलं पुढचं पत्र उचललं.

'आदरणीय डॉक्टरीणबाई, माझ्या एका मैत्रिणीला एक अडचण आहे. खोटे लिहीत नाही, मलाच आहे. लग्नाला आठ महिने झाले. यजमान शिक्षक आहेत. स्वभावाने फार चांगले आहेत, कधी रागावत नाहीत, फक्त दुरुस्त करतात. त्यांना प्रत्येक गोष्टीची घाई असते आणि मला वेळ लागते. हे त्यांना कसे सांगू? दोनदा सांगून पाहिले. दोन्ही वेळा ते म्हणाले, लागते नाही, लागतो. मग विषय तिथेच राहिला. उत्तर मैत्रिणीच्या पत्त्यावर पाठवावे. माझ्यात काही कमी आहे का?'

मास्तरांचं लाल पेन सवयीनं 'लागते'च्या मात्रेवर गेलं होतं. तिथंच थांबलं.

त्यांनी पत्र पुन्हा वाचलं. स्वयंपाकघरात बायको भांडी लावत होती. एकेक पेला पुसून फळीवर ठेवल्याचा आवाज येत होता. मास्तरांनी घाईघाईनं उत्तराची कार्बन प्रत शोधली.

'ताई, तुमच्यात काहीही कमी नाही. वेळ कुणाला लागतो, कुणाला लागते. पुष्कळ जणींना असाच लागतो, आणि त्यात आजार नाही की दोष नाही. घाई करणाऱ्यालाच कुणी शिकवलेले नसते. यजमान चांगले आहेत असे तुम्हीच लिहिले आहे, म्हणजे ते शिकतील. मात्र त्यांना तोंडी सांगू नका. शिक्षक आहेत, लेखी द्या. चिठ्ठीवर दोनच शब्द लिहा : "घाई नको." यात लिंगाचा प्रश्नच येत नाही, त्यामुळे दुरुस्त करण्यासारखे काही नाही.'

मास्तरांनी मनातल्या मनात तपासून पाहिलं. 'नको' लिंगानुसार बदलत नाही. बाईंचं व्याकरण पक्कं होतं.

मग त्यांनी शब्दकोश ओढला. त्यात खूण म्हणून एक पिवळी पडलेली चिठ्ठी वर्षानुवर्षं होती : 'घाई नको.' ती कुठून आली हे ते विसरले नव्हते. लग्नाच्या पहिल्या वर्षी ती त्यांच्या चष्म्याच्या घरात सापडली होती. सहामाहीचे पेपर तपासायला होते, तेव्हा ती पेपरांबद्दलच असणार असं समजून त्यांनी तिच्यावर बरोबरची खूण केली होती, खाली 'अक्षर सुवाच्य' असा शेरा मारला होता आणि बायकोला दाखवली होती. बायको दाराला धरून हसली होती. मग म्हणाली होती, "पेपरांबद्दल नाही लिहिलं ते," आणि लाल झाली होती. मास्तर ढ नव्हते. जरा वेळानं तेही लाल झाले होते. त्यानंतर या विषयावर बोलायची गरज दोघांनाही पडली नव्हती.

गरज का पडली नाही, याचं कारण मास्तरांनी आजवर वेगळं धरलं होतं. आपण मुळातच समजूतदार, धिम्या स्वभावाचे नवरे आहोत, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. मित्रांच्या घरची कुरबुर ऐकून त्यांनी मनातल्या मनात स्वतःची पाठही थोपटली होती. आणि आता हा कार्बन कागद सांगत होता की ते मुळात तसे नव्हतेच. त्यांचं संपादन झालं होतं. एका कधी न पाहिलेल्या बाईनं, दोन शब्दांत, लाल शाईचा थेंबही न सांडता त्यांना दुरुस्त केलं होतं, आणि ज्याची दुरुस्ती झाली त्याला पत्ताही लागू दिला नव्हता. मास्तरांचे डोळे भरून आले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. त्या बाईंचे आभार मानायला आता त्या नव्हत्या, आणि स्वयंपाकघरात जी होती तिचे आभार कोणत्या शब्दांत मानावेत ते चौसष्ट पानांत कुठंच लिहिलेलं नव्हतं.

दुपारभर बसून त्यांनी आपण केलेल्या सगळ्या दुरुस्त्या खोडल्या आणि प्रत्येक पत्राच्या समासात लिहिलं, 'मुळाप्रमाणे ठेवावे.'

रविवारी सभागृह ओसंडून वाहत होतं. भिंतीला टेकून लोक उभे होते. कधी नव्हे ते आयकर खात्यातले भाडेकरूही आले होते. बायको तिसऱ्या रांगेत, आजींच्या शेजारी. मास्तर उभे राहिले. आज भूषणाचं दूषण होणार, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"माझा गैरसमज झाला होता," त्यांनी सुरुवात केली. "संस्थेचा नव्हे, माझा." लोक हसले. मग त्यांनी ते पत्र कसं वाचलं ते सांगितलं, नमुना ब सांगितला, नोंदवहीतली 'फसवणूक' सांगितली. स्वतःवर हसू देणं त्यांना वाटलं होतं तितकं कठीण गेलं नाही. हसणं ओसरल्यावर त्यांनी जाळलेल्या ग्रंथालयाबद्दल सांगितलं, माश्यांच्या प्राध्यापकाबद्दल सांगितलं, टपालपेटीवर तीस वर्षं बसलेल्या बाईंबद्दल सांगितलं. "आणि तुमच्या ज्या ज्या मित्रांना शंका आहेत," ते म्हणाले, "त्यांना माझा निरोप द्या. ते एकटे नाहीत. संस्थेत खोली क्रमांक चारमध्ये डॉक्टर बसतात. खिडकीवरच्या बाईंशी मात्र हळू बोला." सेक्रेटरींनी डायरीत 'चार' लिहून घेतलं. दंतवैद्यांनी लिहिलं नाही, पाठ केलं.

शेवटी सेक्रेटरींनीच हात वर केला. "मास्तर, एवढी पत्रं तपासलीत. चुका किती निघाल्या?"

"एक," मास्तर म्हणाले. "तीही पत्रांत नव्हे, माझ्या पुस्तकात. 'सुलभ लिंगविचार', पान बावीस. 'वेळ लागते' हे मी अशुद्धच्या रकान्यात छापलं आहे. ती चूक मी आज सर्वांसमक्ष मागे घेतो. कुणाला वेळ लागतो, कुणाला लागते. दोन्ही शुद्ध आहे. आणि ज्यांनी हे मला शिकवलं त्यांचा मी फार ऋणी आहे."

व्याकरणाचा मुद्दा म्हणून लोकांनी बेताच्या टाळ्या वाजवल्या. तिसऱ्या रांगेत एक बाई पर्सची चेन उघडून आत काहीतरी शोधू लागली. आजींनी विचारलं, "काय हरवलं?" तर ती म्हणाली, "काही नाही, रुमाल."

खुर्च्या आवरून झाल्यावर दोघं जिना चढू लागले.

"ते पत्र काढून टाकायला सांगू का?" मास्तरांनी विचारलं. "सांगितलं तर काढतील."

"असू दे," बायको म्हणाली. "कुणाच्या तरी उपयोगी पडेल."

"मला सांगितलं का नाहीस कधी?"

"दोनदा सांगितलं होतं."

दुसऱ्या मजल्यावर ती कठड्याला धरून दम खायला थांबली. तेही थांबले, आणि या वेळी त्यांनी घड्याळ बघितलं नाही. तिनं त्यांच्याकडे पाहिलं आणि जन्मात प्रथमच, मुद्दाम, एकेका अक्षरावर जोर देत, अगदी शुद्ध बोलली.

"कळायला एकोणचाळीस वर्षं. फार वेळ लागला हो तुम्हाला."

"लागली," मास्तर म्हणाले.